आडनाव विचारणारं घर

भाड्याच्या घरातलं पंचशीलाबाई सोनकांबळे यांना सगळं कळतं, असं नांदेडात त्यांच्या ओळखीपाळखीतले सगळे मानतात. विहारात येणाऱ्या कोणा बाईची लेक पुण्याला नोकरीला लागली, कोणाच्या जावयाची बदली झाली, की आधी पंचशीलाबाईंना विचारायचं. तसं पाहिलं तर त्या घराचं काहीच विचारत नाहीत. नळ किती दिवसांनी येतो, ऊन कुठून येतं, जिना केवढा, हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"मालकानं आडनाव कितव्या वाक्याला विचारलं?"

दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला विचारलं असेल, तर चपला घालायच्या आणि निघायचं. चहा झाल्यावर विचारलं असेल, तर थोडं बसायचं, बिस्कीट खायचं, आणि मग निघायचं.

ही विद्या त्या लातूरला शिकल्या. नागसेनला दहावीत चांगले मार्क पडले आणि घरात ठरलं, की पोराला अकरावी-बारावीला लातूरला ठेवायचं. नांदेड काय, नायगाव-मुदखेडकडं काय, ज्याच्या त्याच्या घरी तेच ठरत होतं. पोरगं क्लासला, माय खोलीवर स्वयंपाकाला, आणि बाप नोकरीच्या गावी एकटा. ग्यानोबा सोनकांबळे एसटीच्या डेपोत कारकून होते. त्यांनी स्वतःला खानावळ लावली आणि पंचशीलाबाई लेकाला घेऊन खोली शोधायला लातूरला उतरल्या.

लातुरात माणसं फार भली. पंचशीलाबाई आजही हेच सांगतात. दारोदार हिंडल्या, पण एकानंही त्यांना तोंडावर 'नाही' म्हटलं नाही. "या, बसा, पाणी घ्या," म्हणायचे. "कुठले?" नांदेडचे. "खास नांदेडचे की तालुक्याचे?" मूळ हदगावचे. "हदगावात घर कुणीकडं?" इथपर्यंत आलं, की पंचशीलाबाईंना चढण चढल्यासारखा दम लागायचा, कारण पुढची पायरी माहीत असायची. आडनाव ऐकलं, की मालकिणीचा चेहरा आणखीच गोड व्हायचा. "अस्सं होय! छान, छान." आणि मग कळायचं, की ती खोली नेमकी उद्यापासून रंगाला काढणार आहेत. कुठं पुतण्या राहायला येणार असायचा, कुठं भिंतीला ओल असायची. इंदूबाई नावाच्या एका मालकिणीनं तर पंचशीलाबाईंचा हात हातात घेतला.

"आमचं काही नाही हो ताई," ती म्हणाली. "आम्ही शिकलेले. पण आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या."

सासूबाई कोपऱ्यात खाटेवर पडून होत्या. त्यांना ऐकू येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. मग त्यांना आडनाव कळणार कसं, हे विचारायचं राहून गेलं.

त्या आठवड्यात ग्यानोबांनी फोनवर एक तोड सुचवली होती. "आपण हदगावचेच हावोत ना? मग हदगावकर सांगायचं. खोटंबी न्हाई अन् खोलीबी मिळंल."

"सकाळी 'मुसावादा' म्हणून हात जोडायचे, खोटं बोलणार नाही म्हणायचं, अन् दुपारी हदगावकर व्हायचं?" पंचशीलाबाई कडाडल्या. "मग माझं नाव पंचशीला कशाला ठेवलं? चारशीलाच ठेवायचं होतं."

शेवटी आपल्याच माणसांच्या वस्तीत एक पत्र्याची खोली मिळाली. क्लास तिथून इतका लांब, की नागसेन दोन वर्षं सायकलवर अर्धा झोपलेला असायचा. तरी पोरगं इंजिनिअर झालं. पुण्याला लागलं, लग्न झालं, लेक झाली. आणि गेल्या वर्षी त्याच्या कंपनीनं त्याला उचलून जर्मनीत, स्टुटगार्टला नेलं.

तिथं तो कंपनीच्या पाहुण्यांच्या खोलीत राहत होता. त्याची बायको धम्मप्रिया आणि सहा वर्षांची आम्रपाली नांदेडला सासू-सासऱ्यांपाशी येऊन थांबल्या होत्या. घर मिळालं, की जायचं. पण घर मिळत नव्हतं, आणि घोळ असा, की घराचा पत्ता नाही तर पोरीला शाळा नाही, आणि शाळा सुरू व्हायच्या आत पोचल्या नाहीत तर जाणं पडलं पुढच्या वर्षावर. आम्रपाली रोज संध्याकाळी मोबाईलच्या काचेवर बोट फिरवून बापाची दाढी वाढली का बघायची. पंचशीलाबाईंना ते बघवेना. मग त्यांनी जर्मनीचा घरशोध स्वतःच्या हातात घेतला. नांदेडातून.

"आडनाव कितव्या वाक्याला विचारतात रे तिकडं?"

"आई, इथं फॉर्मवर पहिली ओळच आडनावाची असते."

"बया!" पंचशीलाबाई म्हणाल्या. "हे तर आपल्याहून पुढं गेले."

असं असताना अंबरीश सापडला. तिथल्या मराठी मंडळींचा मोबाईलवर एक ग्रुप होता. त्यात नागसेननं घर पाहिजे म्हणून लिहिलं, आणि लगेच उत्तर आलं, की आमच्याच इमारतीत खालचा फ्लॅट रिकामा होतोय, मालकाशी आमचं घरोब्याचं आहे, शब्द टाकतो. आणि अंबरीश निघाला नांदेडचा! पंचशीलाबाईंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. विहारात त्यांनी दोघी-तिघींना सांगूनही टाकलं, की आमच्या नागसेनला शेजार नांदेडचाच मिळाला. दळण कुठं, मेथी कुठं, पोरीला ताप आला तर डॉक्टर कुठला, सगळं विचारायला आपलं माणूस.

"आई, तुमचा नियम जर्मनीला लागू नाही का?" धम्मप्रियानं भाकरी थापता थापता विचारलं. ती शाळामास्तरीण होती आणि सासूला चिमटे काढायला तिला आवडायचं.

"अगं, समुद्र ओलांडला की माणूस बदलतो."

"ओलांडला कुठं? वरून उडून गेलेत ते."

रविवारी नागसेननं सगळ्यांना एकाच व्हिडिओ कॉलवर घेतलं. तिकडून अंबरीश आणि त्याची बायको मालविका, इकडून सोफ्यावर ओळीनं बसलेलं सोनकांबळे कुटुंब. मालविकानं हात जोडले. अंबरीश गोरागोमटा, हसतमुख, तोंडात साखर.

"काकू, ऐकून इतका आनंद झाला! नांदेडात कुठं राहता?"

"स्टेशनच्या पलीकडं."

"पलीकडं म्हणजे नेमकं? आमचे बरेच लोक आहेत तिकडं."

"घर नवीन बांधलं. मूळ आम्ही हदगावचे."

"हदगाव! वा! हदगावात कुणीकडं?"

पंचशीलाबाईंना तो लातूरचा चढ पायाखाली आल्यासारखा वाटला. पण स्टुटगार्टमध्ये चढ असणारच, डोंगराळ गाव आहे असं नागसेन म्हणाला होता. त्यांनी मान ताठ केली. "सोनकांबळे आम्ही. जय भीम."

"अच्छा... अच्छा!" अंबरीश आणखी गोड हसला. "फारच छान. काकू, आमच्या घरी संविधानाची प्रत आहे बरं का. काचेच्या कपाटात ठेवलीय. मालविका, दाखव ना काकूंना."

मालविकानं कपाट दाखवलं. संविधानाच्या पुढं चांदीची वाटी, अत्तरदाणी आणि कुठल्याशा शर्यतीचा कप ठेवला होता. काचेला कुलूप होतं.

"बघितलं," ग्यानोबा फोन बंद झाल्यावर म्हणाले. "पुस्तक सुरक्षित हाय. कोणी वाचायचं भेव न्हाई."

दुसऱ्या दिवशी नागसेनला अंबरीशचा लांबलचक निरोप आला. तो त्यानं घरी पुढं ढकलला. फ्लॅटचं जरा अडलंय. उन्हाळ्यात आमची आई येणार आहे, ती जुन्या विचारांची, अंडंसुद्धा चालत नाही, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. आमचं स्वतःचं काही नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला मात्र जरूर या, भजी असतात.

ग्यानोबांनी चष्मा पुसून निरोप पुन्हा वाचला. "फ्लॅट येगळा, मजला येगळा, मालक तिसराच. मग याच्या मायचा काय संबंध?"

"संबंध जुना हाय," पंचशीलाबाई म्हणाल्या आणि उठून बुद्धमूर्तीसमोरची वात सारखी करायला गेल्या. विहारात ज्या दोघी-तिघींना सांगितलं होतं, त्यांना आता काय सांगायचं, हा विचार वंदना म्हणतानाही मधेमधे डोकं वर काढत होता.

मग नागसेननं एक दुसरंच घर काढलं. मालकीण एकटी म्हातारी, तळमजल्यावर राहते, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट देणार. शाळा गल्लीच्या टोकाला.

"नाव काय बाईचं?" पंचशीलाबाईंनी विचारलं.

"केलर."

"केळकर?" ग्यानोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मग अवघड हाय."

"केलर, पप्पा. जर्मन आहे."

"मग बघू."

केलरबाईला नागसेन आवडला होता, कारण तो ठरल्या वेळेच्या आधी येऊन गेटाबाहेर उभा राहिला आणि वेळ झाल्यावर बेल वाजवली. तिनं त्याला कॉफी दिली. कॉफीबरोबर केक दिला. रात्री मोठ्यानं वाजवायचं वाद्य आहे का, कुत्रं आहे का, रविवारी भिंतीत खिळे ठोकता का, असं काय काय विचारलं. आणि मग म्हणाली, की घरात स्वयंपाक कोण करणार, तिच्याशी मला बोलायचंय. म्हणून धम्मप्रियाचा नंबर घेतला. बाई जर्मनमध्ये लिहायची, मोबाईल त्याचं मराठी करून दाखवायचा, तसंच उलटं इकडून. त्या मोबाईलचं मराठी फार शुद्ध आणि जरा आजारी होतं. 'तुमच्या भट्टीत किती ज्वाला लागतात?' म्हणजे गॅसच्या शेगड्या किती, हे कळायला धम्मप्रियाला अर्धा दिवस गेला.

पण पंचशीलाबाई हरखल्या होत्या. "कॉफी झाली, केक झाला, भट्टी झाली. बाईनं अजून विचारलं नाही!" त्यांनी धम्मप्रियाला बॅगेत मसाला भरायला लावला.

आणि शुक्रवारी दुपारी तो निरोप आला. धम्मप्रियानं वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. सासूनं फोन तिच्या हातातून घेतला आणि मोठ्यानं वाचला:

"प्रिय कुटुंब, मला होकार आहे. आता तुमचे आडनाव अक्षरशः पाठवा, मी ते घंटीवर ठेवीन. त्याशिवाय येथे कोणी राहू शकत नाही. आणि जिना झाडण्याच्या आठवड्यात मी तुम्हाला लावीन. झाडू तळघरात आहे. आजच उत्तर द्यावे."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"आडनाव," पंचशीलाबाई हळूच म्हणाल्या. "घंटी. अन् झाडू."

"आई, मला वाटतं काहीतरी भाषेचं..."

"काय भाषेचं? आडनाव विचारलं अन् त्याच दमात झाडू हातात दिला! लातूरवाल्यांनी खोली दिली नाही, पण असं तर नव्हतं केलं. आपल्या पणज्यानं कंबरेचा खराटा सोडून फेकला, तो ही बाई विमानानं माघारी बोलावून राहिली!"

"अंबरीशनं कळवलं असंल का तिला?" ग्यानोबांनी शंका काढली.

"नागसेनला विचारू एकदा," धम्मप्रिया म्हणाली. पण नागसेन मीटिंगमध्ये होता, फोन लागत नव्हता, आणि झाडू हा शब्द तिलाही लागला होताच. ती म्हणाली, "सांगा, काय लिहू."

पंचशीलाबाईंनी पदर सारखा केला आणि सांगितलं. सम्यक वाचा त्यांना पाठ होती, म्हणून शिवी एकही घातली नाही. "आमचं आडनाव आमच्यापाशी राहू द्या. आम्ही तिकडं झाडायला येऊन नाही राहिलो. माझा मुलगा इंजिनिअर आहे. तुमचं घर तुम्हाला लखलाभ."

'लखलाभ'चं मोबाईलनं जर्मनमध्ये काय केलं, ते कोणालाच कळलं नाही. उत्तर मात्र लगेच आलं.

"मला दुःख होते. माझ्या घरात जो झाडत नाही तो राहत नाही. मी स्वतः झाडते, जरी माझी कंबर जुनी आहे. वरचे डॉक्टर झाडतात. इंजिनिअर असणे हा झाडण्यास अडथळा नाही. उद्या दुपारी मी घर दुसऱ्या कुटुंबाला देते."

संध्याकाळी नागसेनचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज चिरका झाला होता. "आई, काय लिहिलंत तुम्ही? बाई मला म्हणाली, तुमच्या घरचे फार मोठे लोक दिसतात, माझ्या जिन्याला शोभणार नाहीत."

"मोठे लोक?" ग्यानोबा म्हणाले. हे त्यांच्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं. त्यांना क्षणभर बरंही वाटलं.

नागसेननं समजावून सांगितलं. तिथं फ्लॅटला नंबर नसतात. खालच्या दाराशी बेलची बटणं असतात आणि प्रत्येक बटणापुढं आडनावाची पट्टी. पोस्टमन आडनाव वाचूनच पत्र टाकतो. पट्टी नाही तर पत्र नाही, बँकेचं कार्ड नाही, पोरीच्या शाळेचं पत्र नाही. माणूस तिथं राहतो असं कोणी धरतच नाही. आणि जिना त्या भागात सगळेच झाडतात, आठवड्यानं पाळी फिरते. एक लाकडी पाटी असते. ती ज्याच्या दाराला टांगली त्याचा आठवडा. "सगळ्यांचा असतो, आई. तिचा पण."

पंचशीलाबाईंनी मागं वळून पाहिलं. पलीकडं आम्रपाली जमिनीवर बसून बॅगेचं चाक गोल गोल फिरवत होती. ते घर गेलं, तर ते एका म्हातारीच्या हट्टानं जाणार होतं. म्हातारी कोणती, एवढाच प्रश्न होता.

"डॉक्टर खरंच झाडतो का, तेवढं विचार," त्या म्हणाल्या.

"आई!"

"विचार. गोड बोलणारे मी लई पाहिले. डॉक्टर झाडत असंल तर माझा मुलगा झाडंल, मी येऊन झाडंन. नसंल झाडत, तर तो हातबी लावायचा नाही."

शनिवारी सकाळी नागसेन केलरबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. इकडं नांदेडात दुपारची जेवणं तशीच झाकलेली होती. त्यानं काय सांगितलं, माफी कशी मागितली, ते इकडं नीट ऐकू आलं नाही. फोनच्या काचेवर आधी छत दिसलं, मग नागसेनचा कान, मग केलरबाई. उंच, हाडकुळी, पांढरे केस कापलेले, ओठ घट्ट मिटलेले. ती एक शब्द न बोलता जिन्याकडं चालायला लागली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर एक टक्कल पडलेला गडी उभा होता. अर्धी चड्डी, पायात सपाता, हातात लांब दांड्याचा झाडू. त्याच्या दारावर लाकडी पाटी टांगलेली होती. मोबाईल बघून तो चिडला आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?" पंचशीलाबाईंनी विचारलं.

"म्हणतो, पंधरा वर्षांपासून झाडतोय, आता ही म्हातारी माझं शूटिंगपण काढायला लागली."

"डॉक्टर कशाचा?"

"हाडांचा."

"झाड म्हणावं," पंचशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी झाडूचे चार हात बघितले, पाच बघितले. झाडताना तो मनापासून वैतागलेला होता, आणि त्या वैतागावरूनच त्यांची खात्री पटली. दाखवायला उभा केलेला माणूस इतका खरा वैतागत नाही.

केलरबाईचं समाधान एवढ्यानं झालं नाही. तिनं सगळ्यांना तळघरात नेलं. तिथं चार रंगांची चार डबडी होती आणि ती बोट नाचवत बोलायला लागली. नागसेन घाईघाईनं सांगत गेला. कागद यात, साली त्यात, पिवळ्यात वेष्टनं. सालीचा हात कागदाला लागला तर सगळं डबडं बाद. शेजारी तक्रार करतात.

"म्हणजे शिवाशिव हाय हिच्याकडं," पंचशीलाबाई म्हणाल्या. "कचऱ्याची."

"चालतंय," ग्यानोबा म्हणाले. "कचरा काही मनाला लावून घेत न्हाई."

धम्मप्रिया इतक्या मोठ्यानं हसली, की केलरबाईनं विचारलं काय झालं. नागसेननं काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते त्यालाच माहीत, पण बाईचे ओठ सैल झाले. तिनं खिशातून एक चिकटपट्टी आणि काळं पेन काढलं आणि नागसेनकडं पाहिलं. आता तिला ते पाहिजे होतं, जे तिनं काल मागितलं होतं.

नागसेन एकेक अक्षर सांगत गेला. एस. ओ. एन. बाई भिंतीला पट्टी लावून छापल्यासारखी अक्षरं काढत होती. के, ए, एम इथं पट्टी संपत आली. ती थांबली.

"आई, ती म्हणते पुढचं काढून टाकू का? 'सोनकाम' पुरे होईल म्हणते. डॉक्टरचंही तिनं अर्धंच लिहिलंय."

"डॉक्टरला चालत असंल," पंचशीलाबाई म्हणाल्या. "तिला म्हणावं पूर्ण लिही. पट्टी पुरत नसंल तर दोन लाव. आम्ही दोन पट्ट्यांचे पैसे देऊ."

नागसेननं ते जसंच्या तसं सांगितलं. केलरबाई पट्टीकडं बघत राहिली, मग फोनमधल्या पंचशीलाबाईंकडं. अर्धवट काम तिलाही आवडत नसावं. तिनं ती पट्टी काढली, तिचा कागद सोलून एका डबड्यात आणि चिकट भाग चुरगाळून दुसऱ्यात टाकला, आणि नवी पट्टी घेऊन बारीक अक्षरात पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी सगळी अक्षरं बसली. शेवटी थोडी जागा उरलीसुद्धा.

ती पट्टी लावायला बाहेरच्या दाराशी गेली आणि नागसेनला तिनं रिकाम्या फ्लॅटमध्ये पाठवलं, वाजते का ऐकायला. फोनवर मोकळ्या भिंती दिसत होत्या, खिडकीतून एका शाळेचं छप्पर दिसत होतं. धम्मप्रिया ते छप्पर बघत होती, ग्यानोबा भिंतीला ओल आहे का ते बघत होते.

आणि बेल वाजली. चांगली खणखणीत, लांब.

आम्रपाली चाक सोडून उठली आणि नांदेडच्या घराचं दार उघडायला पळाली. दार उघडून तिनं इकडंतिकडं बघितलं.

"आजी, कोणीच नाही!"

"नसू दे," पंचशीलाबाई म्हणाल्या. "आपलीच बेल हाय. ये, जेवून घे."